गांबियाने हातचा राखला नाही

प्रश्न असा आला आहे: "गांबियासारख्या टीचभर देशाने म्यानमारला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, याचं एवढं कौतुक का होतं? तिथे स्वतःच्या घरात बावीस वर्षं हुकूमशाही होती. खटल्याचा पैसाही म्हणे दुसऱ्यांचा. मग ही मानवी हक्कांची बांधिलकी खरी मानायची की देखावा? आणि रोहिंग्यांसाठी हेच काम बांगलादेशाने किंवा भारताने का केलं नाही?"

यात चार प्रश्न आहेत. मी शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या तिघांची किल्ली त्यात आहे.

बांगलादेशाच्या मनात असतं तरी त्याला हा दावा पुढे रेटता आला नसता. ऑगस्ट 2017 नंतर म्यानमारच्या सैन्याच्या कारवाईतून पळालेली सात लाखांहून जास्त रोहिंग्या माणसं त्यांच्या हद्दीत आली, कॉक्स बाजारच्या छावण्या त्यांच्या जमिनीवर आहेत, भार सगळा त्यांच्यावर. तरीही. त्याचं कारण 1948 च्या वंशसंहारविरोधी करारातलं नववं कलम. या करारावरून दोन सदस्य देशांत वाद झाला तर त्यांतला कोणीही एक तो आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे नेऊ शकतो, असं ते कलम सांगतं. एरवी एखाद्या देशाला कोर्टात उभं करणं महाकठीण असतं, कारण हे न्यायालय देशांच्या संमतीवर चालतं. नववं कलम म्हणजे आगाऊ देऊन ठेवलेली संमती.

पण करार स्वीकारताना "हे अमुक कलम मला लागू नाही" असं लिहून देण्याची मुभा देशांना असते. आमच्या धंद्यात त्याला रिझर्वेशन म्हणतात. मराठीत "आरक्षण" म्हटलं की भलतीच चर्चा सुरू होते, म्हणून मी वर्गात शिकवताना "हातचा" म्हणतो. भारताने 1959 मध्ये करार मान्य केला तेव्हा नवव्या कलमावर हातचा राखला: प्रत्येक प्रकरणात सगळ्या पक्षांची संमती असेल तरच न्यायालय. बांगलादेशाने 1998 मध्ये जवळजवळ तेच लिहून दिलं. चीनचा हातचा आहे, अमेरिकेचा आहे. आणि हातचा दोन्ही बाजूंनी चालतो. ज्याने राखला त्याच्यावर दावा लावता येत नाही, पण त्याने दुसऱ्यावर दावा लावला तर समोरचाही तेच वाक्य दाखवून मोकळा होतो.

म्यानमारने, म्हणजे तेव्हाच्या ब्रह्मदेशाने, 1956 मध्ये सहाव्या आणि आठव्या कलमांवर अटी घातल्या आणि नववं कलम तसंच सोडलं. साठ वर्षांनी ते इतकं महागात पडेल असं तेव्हा कोणाला वाटलं असणार? गांबियाने 1978 मध्ये करार स्वीकारला. कशावरही हातचा नाही.

माझं म्हणणं खरं तर एवढंच आहे, बाकी सगळा विस्तार. एखाद्या देशाची मानवी हक्कांशी बांधिलकी किती हे त्याच्या भाषणांवरून कळत नाही. त्याने स्वतःविरुद्ध किती दारं उघडी ठेवली आहेत, त्यावरून कळतं.

हे मला कसं उमगलं ते सांगतो. वकिलीची सुरुवातीची वर्षं होती. कोठडीत मुलगा गेलेल्या एका बापाचं प्रकरण माझ्याकडे होतं. खालपासून वरपर्यंत सगळं हरून झालं होतं. म्हातारा माणूस, शेतकरी. त्याने मला विचारलं, "वकीलसाहेब, दिल्लीच्या वर कोन आसंल का?" मी उत्साहाने ग्रंथालयात जाऊन बसलो. संयुक्त राष्ट्रांची मानवी हक्क समिती आहे, तिच्याकडे सामान्य माणूस स्वतःच्या नावाने तक्रार करू शकतो, हे वाचून मला कोण आनंद झाला. दोन दिवसांनी कळलं की त्यासाठी देशाने नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराला जोडलेला एक ऐच्छिक पूरक करारही मान्य केलेला असावा लागतो. भारताने मूळ करार 1979 मध्ये स्वीकारला, तो पूरक करार आजतागायत नाही. म्हाताऱ्याला मी सांगितलं की दिल्लीच्या वर आहे कोणीतरी, पण आपल्यासाठी तिथे दार नाही. त्याने मान हलवली आणि टोपी सारखी केली. पुढे बऱ्याच वर्षांनी गांबियाची कागदपत्रं चाळताना दिसलं की त्यांनी तो पूरक करार 1988 मध्येच मान्य केला होता.

आता या देशाबद्दल थोडं. आपल्याकडे गांबियाचं नाव बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकलं ते ऑक्टोबर 2022 मध्ये, जेव्हा भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला आणि तिथे साठहून जास्त लहान मुलं मूत्रपिंड निकामी होऊन गेल्याची बातमी आली. नकाशात पाहिलंत तर सेनेगलच्या पोटात खुपसलेल्या बोटासारखा हा देश दिसतो. मधोमध गांबिया नदी, तिच्या दोन्ही काठांना चिकटलेली जमिनीची पट्टी, आणि तोंडाशी अटलांटिक. क्षेत्रफळ सुमारे 11,300 चौरस किलोमीटर, म्हणजे सातारा जिल्ह्याहून किंचित जास्त. लोकसंख्या पंचवीस लाखांच्या आत, म्हणजे सातारा जिल्ह्याहून कमी. मुख्य नगदी पीक भुईमूग. तिथलं डोमोडा नावाचं कालवण शेंगदाण्याच्या कुटाचं असतं. आपल्या दाण्याच्या आमटीचा तो लांबचा भाऊ आहे, हे मत मी बांजुलमध्ये दोनदा जेवल्यावर बनवलं आहे आणि ते बदलायला तयार नाही.

बांजुल ही राजधानी, आणि तिथे मी गेलो ते आफ्रिकी मानवी हक्क आयोगाच्या कामानिमित्त. आयोगाचं सचिवालय 1989 पासून तिथे आहे. आफ्रिकेची मानवी हक्कांची सनद 1981 मध्ये नैरोबीला मंजूर झाली, पण तिचा मसुदा बांजुलच्या बैठकांत घडला, म्हणून आजही जाणकार तिला "बांजुल सनद" म्हणतात. तेव्हा दावदा जवारा अध्यक्ष होते. बहुपक्षीय निवडणुका टिकवून धरणाऱ्या त्या काळच्या मोजक्या आफ्रिकी देशांत गांबिया होता. म्हणजे मानवी हक्कांची भाषा या देशाने 2019 मध्ये अचानक उचलली नाही, ती भाषा तिथे घरातलीच होती. मग घरातच आग लागली.

22 जुलै 1994 ला याह्या जामे या तरुण लष्करी अधिकाऱ्याने सत्ता घेतली. पुढच्या 22 वर्षांत काय काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. एप्रिल 2000 मध्ये विद्यार्थ्यांच्या मोर्चावर गोळीबार. डिसेंबर 2004 मध्ये "द पॉइंट" या वर्तमानपत्राचे सहसंस्थापक दायदा हायदारा यांची रात्री गाडीत गोळ्या घालून हत्या. 2005 मध्ये युरोपकडे निघालेल्या पश्चिम आफ्रिकी स्थलांतरितांचं हत्याकांड, त्यांतले बहुतेक घानाचे. 2007 मध्ये जामे महाशयांनी आपण जडीबुटीने एड्स बरा करतो असं जाहीर केलं आणि रुग्णांना चालू औषधं सोडायला लावली. 2009 मध्ये चेटकीण-शोधाच्या नावाखाली गावोगावच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना पकडून कसलेसे काढे पाजले. आणि हे सगळं चालू असताना आफ्रिकी मानवी हक्क आयोगाची कचेरी त्याच गावात होती. आमच्यासारख्या बाहेरून येणाऱ्यांना ते फार विचित्र वाटायचं. बैठकीत छळाविरुद्ध ठराव होत आणि चहाच्या वेळी स्थानिक माणसं आवाज खाली आणून बोलत.

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. घरात हुकूमशाही होती म्हणून बांधिलकी खोटी, हे मला पटत नाही. मी उलटं म्हणेन. जामेने जी दारं बंद करायचा प्रयत्न केला ती पाहा. पश्चिम आफ्रिकी देशांच्या इकोवास संघटनेचं न्यायालय पत्रकारांच्या प्रकरणांत गांबियाविरुद्ध निकाल देऊ लागलं, तर त्याने त्या न्यायालयाचे अधिकारच छाटायची मोहीम चालवली. ती फसली. 2013 मध्ये राष्ट्रकुल सोडलं. 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातून बाहेर पडण्याची नोटीस दिली, आणि गंमत म्हणजे त्या न्यायालयाच्या मुख्य अभियोक्ता तेव्हा फातू बेनसुदा होत्या, गांबियाच्याच, एकेकाळच्या जामेच्याच कायदामंत्री. कागदावरचे करार पोकळ असतात असं आपण सहज म्हणतो. पण हुकूमशहाला ते पोकळ वाटत नाहीत. वाटत असते तर बाहेर पडायची एवढी धडपड त्याने केली नसती.

डिसेंबर 2016 मध्ये जामे निवडणूक हरला. आधी हार मान्य केली, आठवड्याभराने शब्द फिरवला. नव्या अध्यक्षांना, अदामा बॅरो यांना, 19 जानेवारी 2017 ला शपथ घ्यावी लागली ती डकारमधल्या गांबियाच्या वकिलातीत. इकोवासचं सैन्य सीमेत शिरलं तेव्हा कुठे जामे विमानात बसून इक्वेटोरियल गिनीला गेला. बॅरो सरकारने एकेक दार पुन्हा उघडलं. फौजदारी न्यायालयातून बाहेर पडण्याची नोटीस मागे घेतली, 2018 मध्ये राष्ट्रकुलात परतले, त्याच वर्षी फाशीची शिक्षा रद्द करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली. आफ्रिकी मानवी हक्क न्यायालयात सामान्य नागरिकाला थेट जाता यावं अशी घोषणाही दिली. त्याच सुमारास टांझानिया, बेनिन आणि आयव्हरी कोस्ट हे देश नेमकी तीच घोषणा मागे घेत होते, हे लक्षात घ्या.

या सरकारचे कायदामंत्री होते अबुबाकर तांबादू. त्यांनी आधी बरीच वर्षं टांझानियात अरुशाला, रवांडाच्या वंशसंहाराचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात अभियोक्त्यांच्या कचेरीत काम केलं होतं. तिथले मुख्य अभियोक्ता हसन जालो हेही गांबियाचे. पुढे ते गांबियाचे सरन्यायाधीश झाले. आता मोजा: सातारा जिल्ह्याएवढा देश, आणि बेनसुदा, जालो, तांबादू ही तीन माणसं जगातल्या सर्वांत गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांत मुरलेली. आपल्याकडे दीडशे कोटींत अशी किती सापडतील? हा योगायोग मला वाटत नाही. देशात वकिलांना मोठं काम कमी, इंग्रजी कायद्याची परंपरा, आणि मानवी हक्कांची कचेरी दाराशी. हुशार माणसं बाहेर गेली आणि हत्यार शिकून परत आली.

मे 2018 मध्ये इस्लामी सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक ढाक्यात होती. गांबियाचे परराष्ट्रमंत्री जाऊ शकले नाहीत, म्हणून तांबादू गेले. त्या निमित्ताने शिष्टमंडळ कॉक्स बाजारच्या छावण्यांत नेलं गेलं. बायाबापड्या जे सांगत होत्या ते त्यांनी याआधी ऐकलेलं होतं, फक्त गावांची नावं रवांडातली होती. हे त्यांनी नंतर अनेकदा सांगितलं आहे. दुसरा कोणी मंत्री असता तर हळहळून, चार ओळींचं निवेदन देऊन परतला असता. या माणसाला ऐकताना साक्ष दिसत होती. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाचा अहवाल त्याच वर्षी आला आणि पुराव्याचा पाया तयार झाला. 11 नोव्हेंबर 2019 ला गांबियाने हेगमध्ये अर्ज दाखल केला.

तुमच्यापैकी अनेकांना त्यानंतरचं डिसेंबरमधलं दृश्य आठवत असेल, म्यानमारची बाजू मांडायला खुद्द आँग सान सू ची उभ्या राहिल्या ते. माध्यमांनी सगळा प्रकाश तिकडे टाकला. मला त्या खटल्यात जास्त रस दुसऱ्या गोष्टीत होता. वकिली भाषेत तिला लोकस म्हणतात: तुला दावा लावायचा अधिकार काय?

हा प्रश्न आफ्रिकेच्या जुन्या जखमेवरचा आहे. 1960 मध्ये इथिओपिया आणि लायबेरिया या दोन देशांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध याच न्यायालयात दावा लावला. नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, वर्णद्वेषी कारभार चालू होता, त्याबद्दल. सहा वर्षं खटला चालला. 18 जुलै 1966 ला निकाल लागला: न्यायाधीश 7 विरुद्ध 7, अध्यक्षांचं निर्णायक मत विरोधात, दावा फेटाळला. कारण काय, तर यात तुमचा स्वतःचा कायदेशीर हितसंबंध नाही. मारले जातात ते नामिबियाचे लोक, तुमचं काय गेलं? नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांचा या न्यायालयावरचा विश्वास त्या दिवशी उडाला तो बरीच वर्षं परत आला नाही.

आपल्याला हा वाद ओळखीचा वाटायला हवा. आपल्या न्यायालयांतही एकेकाळी असंच होतं: ज्याचं दुखतं त्यानेच यावं. मग सत्तरच्या दशकाच्या शेवटी ते बदललं. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या स्त्री कैद्यांच्या हालाबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि 1983 मध्ये महाराष्ट्र सरकारला निर्देश दिले. शीलाताई स्वतः कोठडीत नव्हत्या. ज्यांचं दुखत होतं त्यांना कोर्टाचा रस्ता माहीत नव्हता. जनहित याचिकेचं सगळं तत्त्व यात आलं. गांबियाचा दावा म्हणजे देशांच्या पातळीवरची शीला बारसे याचिका आहे, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. काटेकोर पंडितांना ही तुलना आवडत नाही. नसू दे.

आंतरराष्ट्रीय न्यायालय मात्र या वळणावर फार सावकाश आलं. 1970 मध्ये एका अगदी वेगळ्या, कंपनीच्या भागधारकांच्या खटल्यात त्याने जाता जाता म्हटलं की वंशसंहार न करण्यासारखी काही कर्तव्यं साऱ्या जगाप्रती असतात. 2012 मध्ये बेल्जियमने सेनेगलविरुद्धचा दावा जिंकला: चाडचा माजी हुकूमशहा हिसेन हाब्रे डकारमध्ये आरामात राहतो, त्याच्यावर छळाचा खटला तरी चालवा किंवा त्याला आमच्या हवाली करा. तिथे न्यायालयाने मान्य केलं की छळविरोधी कराराचा कोणताही सदस्य दुसऱ्या सदस्याला जाब विचारू शकतो. गांबियाच्या वकिलांनी नेमका हाच धागा पकडला.

म्यानमारने प्राथमिक आक्षेप घेतले. खरा दावेदार गांबिया नसून इस्लामी सहकार्य संघटना आहे, आणि संघटनेला या न्यायालयात येता येत नाही. आमच्या आठव्या कलमावरच्या अटीमुळे दावा अडतो. दोन देशांत वाद असा नव्हताच. आणि गांबियाचं काही बिघडलेलं नाही, बिघडलं असेल तर बांगलादेशाचं, आणि त्याने तर हातचा राखलेला. हा शेवटचा मुद्दा चलाख होता. ज्याला लागलं त्याला येता येत नाही आणि ज्याला येता येतं त्याला लागलेलं नाही, असा तो चिमटा. निकाल 22 जुलै 2022 ला आला. तीन आक्षेप एकमताने फेटाळले गेले. लोकसचा आक्षेप 15 विरुद्ध 1 मतांनी, विरोधात फक्त चीनच्या न्यायाधीश श्वे हानछिन. न्यायालय म्हणालं की या कराराच्या प्रत्येक सदस्याचा वंशसंहार न होण्यात हितसंबंध आहे, वेगळं नुकसान दाखवायची गरज नाही. 1966 ची चूक त्या दिवशी निदान या करारापुरती तरी मागे पडली.

एक तारखेचा योग सांगतो. जामेने सत्ता बळकावली तो दिवस 22 जुलै. त्या दिवसाच्या गौरवासाठी त्याने बांजुलच्या वेशीवर मोठी कमान बांधली होती, "आर्च 22" नावाची. बरोबर 28 वर्षांनी त्याच तारखेला गांबियाचं नाव एका वेगळ्या कारणासाठी कायद्याच्या पुस्तकांत गेलं. आपल्याशी जोडलेला एक धागाही यात आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे एकेकाळचे मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारी हे या खटल्याच्या खंडपीठावर होते आणि त्यांचं मत बहुमताबरोबर होतं.

आता पैसा. होय, इस्लामी सहकार्य संघटनेच्या सदस्य देशांनी निधी दिला, आणि वकील अमेरिकेतल्या मोठ्या फर्मचे आणि लंडनचे होते. म्हणून दावा खोटा? जनहित याचिकेत स्टँपचे आणि टायपिंगचे पैसे अनेकदा दुसरंच कोणी भरतं. न्यायालयाला विचारायचं असतं ते एवढंच की सही कोणाची आहे आणि जबाबदारी कोण घेतं. गांबियाने सही केली तेव्हा संघटनेत सत्तावन्न देश होते. त्यांतल्या श्रीमंत आणि बलाढ्य देशांपैकी कोणीही पुढे आलं नाही. म्यानमारशी त्यांचे व्यापार, तेल, शेजारधर्म, काही ना काही अडकलेलं. गांबियाचं म्यानमारशी घेणंदेणं नव्हतं हे खरं, आणि त्यामुळे धाडस सोपं झालं हेही खरं. हुकूमशाहीनंतर जगात पत परत मिळवायची गरज होती हेही मी नाकारत नाही. पण चीनच्या मित्रावर बोट ठेवणं एका मदतीवर जगणाऱ्या देशासाठी फुकटचं नसतं. आणि तांबादू 2020 मध्ये मंत्रिपद सोडून संयुक्त राष्ट्रांच्या कामावर गेले, तरी त्यांच्या जागी आलेल्या दावदा जालो यांनी खटला सोडला नाही. एका माणसाचा हट्ट असता तर तो तिथेच विरला असता.

तरी गांबियाला देव्हाऱ्यात बसवू नका. 23 जानेवारी 2020 ला न्यायालयाने म्यानमारविरुद्ध अंतरिम आदेश दिला: रोहिंग्यांचं रक्षण करा, सैन्याला आवरा, पुरावे नष्ट करू नका, ठरावीक मुदतीने अहवाल द्या. एकमताने. त्यानंतर तीनच दिवसांनी बॅरो यांनी तीन वर्षांत पायउतार होण्याचा शब्द पाळावा म्हणून निघालेल्या मोर्चावर गांबियाच्या पोलिसांनी अश्रुधूर सोडला, शंभराहून जास्त लोकांना पकडलं आणि दोन रेडिओ केंद्रं बंद केली. जामेच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने जवळपास चारशे साक्षी जाहीरपणे घेतल्या, लोक दुकानांत, टॅक्सींत रेडिओ लावून ऐकत असत. पण अहवाल येण्याच्या आधीच बॅरो यांच्या पक्षाने जामेच्या पक्षाच्या पुढाऱ्यांशी निवडणुकीचा करार केला आणि त्यांचा नेता पुढे संसदेचा सभापती झाला. जामेच्या मारेकऱ्यांना आतापर्यंत मोठ्या शिक्षा झाल्या त्या बहुतांशी परदेशांत. हायदारांच्या खुनात भाग घेणाऱ्या चालकाला 2023 मध्ये जर्मनीत जन्मठेप, माजी गृहमंत्री उस्मान सोंको यांना 2024 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये 20 वर्षं. म्हणजे जी युक्ती गांबियाने म्यानमारवर वापरली, दुसऱ्याच्या घरातल्या गुन्ह्याचा जाब विचारायची, तीच इतरांनी गांबियासाठी वापरली. जामेच्या काळातल्या गुन्ह्यांसाठी विशेष न्यायाधिकरण उभारायला इकोवासची मंजुरी डिसेंबर 2024 मध्ये मिळाली. त्याच वर्षी मुलींच्या खतन्यावरची 2015 ची बंदी उठवायचं विधेयक संसदेत आलं होतं, ते जुलैमध्ये पडलं. पडलं, पण आलं होतं.

रोहिंग्यांना यातून काय मिळालं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते सोडून पुढे जाणं लबाडीचं होईल. घरी कोणी परतलं नाही. दहा लाखांच्या आसपास माणसं अजून बांगलादेशातल्या छावण्यांत आहेत. न्यायालयाकडे पोलीस नाहीत, आदेश अमलात आणायचा तर सुरक्षा परिषद, आणि तिथे नकाराधिकार. ज्या सरकारविरुद्ध आदेश दिला ते सरकारच फेब्रुवारी 2021 मध्ये सैन्याने उलथवलं, आणि ज्या सैन्यावर आरोप तेच न्यायालयात म्यानमारच्या नावाने येऊन बसलं. मूळ आरोपांवरची तोंडी सुनावणी जानेवारी 2026 मध्ये ठेवली गेली, अर्जानंतर सहा वर्षांनी. वंशसंहार सिद्ध करायचा तर माणसं मारली एवढं पुरत नाही. तो समूह नष्ट करायचाच हेतू होता हे दाखवावं लागतं, आणि बोस्नियाच्या 2007 मधल्या निकालात ते फक्त स्रेब्रेनित्सा या एका गावच्या हत्याकांडापुरतं सिद्ध झालं. मी हा खटला लढवत असतो तर रात्री झोप लागली नसती.

पण म्यानमारला दर सहा महिन्यांनी लेखी उत्तर द्यावं लागलं. ज्यांना 1982 च्या कायद्याने नागरिकत्वातून काढलं, ज्यांचं नावही त्यांचं सरकार उच्चारत नाही, त्या लोकांचं नाव न्यायालयाने आपल्या आदेशात वापरलं. कॅनडा, फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, नेदरलँड्स आणि डेन्मार्क यांनी नोव्हेंबर 2023 मध्ये या खटल्यात सामील होण्यासाठी अर्ज केला. मालदीवनेही वेगळा अर्ज केला, तो तर गांबियाहूनही चिमुकला. आणि डिसेंबर 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेने गाझाबद्दल इस्रायलविरुद्ध दावा लावला तो गांबियाने मोकळ्या केलेल्या याच वाटेने. 1966 मध्ये लोकसच्या आधारावर सुटलेला देश आता त्याच दारातून दावेदार म्हणून आत आला होता.

आता भारत. रोहिंग्यांसाठी भारताने हेगला जावं ही अपेक्षा राजकीयदृष्ट्या भाबडी आहे, कायद्याने तर रस्ताच नाही. न्यायालयाने 2006 मध्ये काँगो विरुद्ध रवांडा प्रकरणात स्पष्ट केलं की नवव्या कलमावरचा हातचा वैध आहे आणि तो असेपर्यंत दावा उभा राहत नाही. पण हातचा हा कायमचा नसतो. तो काढून घ्यायला संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना एक पत्र पाठवायचं असतं, एवढंच. सोव्हिएत संघाने 1989 मध्ये तसं पत्र पाठवलं, युक्रेननेही त्याच वर्षी. म्हणून तर फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनला रशियाविरुद्ध या कलमाखाली दावा लावता आला. रवांडाने, जिथे वंशसंहार प्रत्यक्ष झाला त्या देशाने, 2006 चा दावा हातच्यामुळे सुटल्यावर तीन वर्षांच्या आत, डिसेंबर 2008 मध्ये, आपला हातचा मागे घेतला. संयुक्त राष्ट्रांची करारांची यादी सगळ्यांसाठी खुली आहे. वंशसंहार कराराच्या पानावर देशांची नावं इंग्रजी वर्णक्रमाने आहेत. भारताच्या नावापुढची 27 ऑगस्ट 1959 ची नोंद एका वाक्याची आहे, वाचायला अर्धं मिनिट लागतं.